अर्धं पाऊल मागं

बस. लाल खुर्चीचा पाय हलतो, निळीवर बस.
स्टिक अशी आवळू नको.
हुरड्याचं गरम कणीस धरावं तशी धर,
घट्ट धरली की तुझाच हात भाजतो.
चौथं बटण नाही. त्याच्या जागी
सोड्याच्या बाटलीचं झाकण चिकटवलंय.
ते लाथेचं. टक् वाजतं, पण लागते.

सिद्राम ना तू? निलंग्याचा.
वर तिसऱ्या मजल्यावर तुझा क्लास,
रसायनशास्त्र, एका हॉलात सहाशे पोरं.
खाली तळघरात मी आणि चार मशिनी.
वीस रुपयांत अर्धा तास.
शिकवायचं मी काही घेत नाही.

आता ऐक.
पडद्यावर 'लढा' आलं की नवं पोरगं काय करतंय?
उडी मारतंय. सगळेच मारायलेत.
हवेत गेलेल्या माणसाला
वळता येत नाही, थांबता येत नाही,
तो कुठं उतरणार
ते समोरच्याला त्याच्याआधी कळतं.

म्हणून पहिल्यांदा काहीच करायचं नाही.
नुसतं बसून राहा असं नाही म्हणत मी.
अर्धं पाऊल मागं.
एवढंच, की त्याची मूठ
तुझ्या नाकाला वारा घालून जावी.
रिकामी गेलेली मूठ परत यायला वेळ लागतो.
तेवढ्यात खाली बस, पोटरीवर बारीक लाथ.
झाकण. टक्.
लागली तर अजून एक.
नाही लागली, तर होतास तिथंच आहेस,
तुझ्या बापाचं काय गेलं?

ढाल धरायची तर आधी खालची.
वरचा मार दिसतो,
खालचा कळतो तोवर आडवा झालेला असतो माणूस.
आणि जो ढालच सोडत नाही
त्याला जवळ जाऊन उचलून आपटायचं,
पण ते उद्या.
उद्या म्हणजे टेस्ट झाल्यावर. जा, बेल झाली वर.

नऊ संध्याकाळी आला पोरगा.
एक लाथ, एक पाऊल. पाऊल, लाथ.
झाकणाची कड झिजून गुळगुळीत झाली.

मग रविवारी उज्मा आली, उदगीरची,
मागच्या हिवाळ्यात माझ्याच हाताखाली तयार झालेली.
दप्तर मांडीवर, ओढणी खांद्यावर गाठ मारून.
लाईट गेलेली. इन्व्हर्टरवर एकच मशीन.
मागं पोरांची ही गर्दी, भिंतीला ओल, वडापावचा वास.

लढा.

तो अर्धं पाऊल मागं.
ती अर्धं पाऊल मागं.

नव्व्याण्णव सेकंद.
दोन योद्धे जागच्या जागी श्वास घेत,
मागं पडद्यातला धबधबा तेवढा पडत राहिला.
बरोबरी.
दुसऱ्या डावात तेच.
चहा घेऊन आलेला लहुजी म्हणाला,
"अण्णा, ह्यांला भांडायचं कुणी शिकवलं न्हाई का?"

सगळे हसले. मीही हसलो,
मग गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागलो,
मोजलेलीच.
अकरा वर्षं झाली.
वरच्या त्याच हॉलात माझाही बाक होता,
परीक्षेच्या सकाळी केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो होतो.
मूठ कुणाची रिकामी जायची होती,
अजून बघायलोय.

तिसरा डाव.
उज्मानं ओठ चावला
आणि उडी मारली.
सहा महिने जे करू नको म्हणून मी ओरडलो, तेच.
पडद्याच्या पार वर, धबधब्याच्याही वर,
केस सुटलेले, पाय पुढं,
आणि सिद्राम
मान वर करून बघत राहिला.
अंगठा झाकणावर.

इन्व्हर्टरनं मान टाकली.

काळ्या काचेत आमचेच चेहरे.
अंधारात पोरांचा एकच कल्ला,
कुणाचा तरी कप लवंडला.
तो निवल्यावर उज्मा म्हणाली,
"मला लागली नसती."
बऱ्याच वेळानं सिद्राम म्हणाला,
"मी दाबलंच नव्हतं."